क्यूला गाडी नाही

मराठी घराची सुरक्षाव्यवस्था विश्वासावर कमी आणि जागेच्या टंचाईवर जास्त उभी असते. दोन खोल्यांत पाच माणसं राहिली की गुपित ठेवायला कोपराच उरत नाही. बाहेर जाताना किल्ली शेजारी द्यायची. शेजारी नसतील तर मीटरच्या पेटीत ठेवायची आणि तसं त्यांना फोनवर, अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात कळवायचं. कपाटाची किल्ली गादीखाली असते आणि लॉकरची कपाटातल्या साड्यांच्या घडीत, हे नव्या सुनेला आठवड्याच्या आत समजतं. चोरांना त्याआधीच समजलेलं असतं. कुणाचा पगार किती, कुणाची साखर किती, कुणाचा मुलगा गणितात कितीवर अडकला, सगळं खुल्या ताटात वाढलेलं.

अशा घरात ईमेल शिरलं आणि म्हणालं, एक शब्द ठरवा, तो रोज वापरा, पण कुणालाही सांगू नका. बायकोलाही नाही. आमच्या पिढ्यान्‌पिढ्यांत अशी अट कुणी घातली नव्हती. त्यामुळे झालंय असं, की पासवर्ड खातेदार सोडून सगळ्यांना माहीत असतो. खातं उघडून देणाऱ्या झेरॉक्सच्या दुकानातल्या पोराला माहीत असतो, कारण त्याने अर्ध्या गावाला नाव, अ‍ॅट द रेट, एक-दोन-तीन हा एकच साचा वाटलेला असतो. इन्कम टॅक्सचं रिटर्न भरणाऱ्याला माहीत असतो. भाचीला तर असतोच. खातेदार तेवढा दर वेळी हाक मारून विचारतो, "अगं, माझा पासवर्ड काय गं?"

माझे सासरे, अण्णा, साताऱ्याला असतात. एस.टी.तून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. हयात स्टँडवर माइकपुढे गेल्यामुळे ते घरात मीठ मागतात तेव्हाही गाडी फलाटावर लागल्यासारखं वाटतं. मी साखर कारखान्यांचे हिशेब तपासतो. पण माझ्या टेबलावर कॉम्प्युटर आहे, तेव्हा सासरवाडीच्या लेखी मी 'कॉम्प्युटरमध्ये' आहे. अधिक महिन्यात जावयाला चांदीच्या ताटात अनारसे मिळतात. मधल्या पावणेतीन वर्षांत त्याच्यापुढे प्रिंटर ठेवतात. या खेपेला पासवर्ड ठेवला.

कारण सकाळी चार भिंतींच्या टेकडीवर फिरायला जाणाऱ्या मंडळींत ठराव झाला होता, की ईमेलचा पासवर्ड दर तीन महिन्यांनी बदलावा. ज्याने तो मांडला त्याला मोबाइलवर संदेश आला होता, आणि संदेशाखाली 'सायबर तज्ज्ञ' असं लिहिलेलं होतं.

या तीन महिन्यांचा उगम मोठा मजेदार आहे. अमेरिकेत मानकं ठरवणारी एक सरकारी संस्था आहे. तिथल्या बिल बर नावाच्या गृहस्थांनी 2003 साली पासवर्ड कसा असावा यावर एक पुरवणी लिहिली. मोठी अक्षरं घ्या, छोटी घ्या, आकडे घ्या, चिन्हं घ्या आणि ठरावीक काळाने बदला. जगभरच्या बँकांनी, कचेऱ्यांनी आणि कॉलेजांनी तिची पोथी केली, त्यात 90 दिवसांचा नेम पक्का झाला. लोकांनीही तो आपल्या परीने पाळला. पासवर्डाच्या शेवटी एक होता तिथे दोन केला, पुढच्या तिमाहीत तीन. 2017 साली त्याच संस्थेने नवे नियम काढले आणि सांगितलं, की ठरावीक काळाने बदलायची सक्ती नको, चिन्हांचीही नको, पासवर्ड लांब ठेवा आणि फुटल्याचा संशय आला तरच बदला. बर तोवर निवृत्त झाले होते. आपण सांगितलेल्यातल्या बऱ्याचशाचा पश्चात्ताप होतो, असं त्यांनी वर्तमानपत्राला सांगून टाकलं. सल्ला चार भिंतींपर्यंत चढला. माघार मात्र अजून खाली पोवई नाक्यावरच अडकली आहे.

"अण्णा, आता तो नियम राहिलेला नाही," मी म्हणालो.

"जावईबापू, गाडी रद्द झाली तर तसा बोर्ड लागतो. मला बोर्ड दाखवा."

बोर्ड नव्हता. आम्ही बसलो.

पहिलीच पायरी : जुना पासवर्ड टाका. अण्णांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तो ठाऊक असता तर नवा कशाला मागितला असता?" यातला तर्क खोडून काढणं अवघड आहे. खाली बारीक अक्षरात 'पासवर्ड विसरलात?' असं होतं. मी ते दाबायला गेलो तर त्यांनी हात धरला. "विसरलात कसं? विसरलो नाही. मला कुणी सांगितलाच नव्हता." तसा पर्याय कंपनीने ठेवलेला नव्हता, म्हणून नाइलाजाने आम्ही विसरलो.

मग आले ते सुरक्षेचे प्रश्न. नव्या खात्यांना हल्ली हे विचारत नाहीत, पण अण्णांचं खातं जुनं. हे प्रश्न ज्याने काढले त्याने मराठी लग्नपत्रिका पाहिली नसावी. 'आईचं माहेरचं आडनाव काय?' हा म्हणे असा प्रश्न, की ज्याचं उत्तर तुमच्याशिवाय कुणाला येणार नाही! आमच्याकडे पत्रिकेत मामा लोकांची नावं आडनाव-गावासकट छापतात, 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' असं खाली पोरांकडून बजावून घेतात, आणि ते गुपित पाचशे घरी हळदीकुंकू लावून पोचवतात. बरं, कित्येक घरांत लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलायचे, त्यामुळे आईचं माहेरचं नाव विचारलं तर आधी घरात अर्धा तास वाद होतो. 'पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव?' कुत्रा असेल तर मोत्या, मांजर असेल तर मनी. चोराला दोन प्रयत्न पुरे. 'पहिली शाळा?' पुण्यात 1880 साली चिपळूणकर-टिळक-आगरकरांनी न्यू इंग्लिश स्कूल काढलं, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या निम्म्या तालुक्यांत त्याच नावाची शाळा निघाली. 'जोडीदाराची पहिली भेट कुठे?' मुलीच्या काकांकडे, पोह्यांच्या बशीपलीकडे. हा तर एका माणसाच्या ओळखीचा प्रश्नच नाही, समस्त समाजाची ही खानेसुमारी आहे.

आणि चोराला एवढंही करायची गरज नाही. त्याने फक्त कुलदैवत कोणतं ते विचारावं. मराठी माणूस नाव सांगतो, रस्ता सांगतो, भक्तनिवासात कुणाच्या ओळखीने खोली मिळेल ते सांगतो. पासवर्डाची पहिली सहा-सात अक्षरं तिथेच सापडतात. मग अ‍ॅट द रेट. तेवढं एक चिन्ह आम्हाला पावतं, बाकीची कीबोर्डावर शोभेला असतात.

अमेरिकेतही याहून फार वेगळं नाही. 2008 च्या सप्टेंबरात सारा पेलिन उपाध्यक्षपदाच्या उमेदवार होत्या. टेनेसीतल्या एका कॉलेजकुमाराने त्यांची जन्मतारीख आणि पिनकोड शोधला, नवरा-बायको कुठे भेटले त्याचं उत्तर शोधलं (शाळेत), आणि त्यांच्या ईमेलचा पासवर्ड बदलून 'पॉपकॉर्न' करून ठेवला. याला त्याला पाऊण तास लागला म्हणतात. सातारा जिल्ह्यात एका फोनचं काम होतं. पुढे 2015 मध्ये गुगलच्या लोकांनी अशा प्रश्नांचा अभ्यास केला, तर 'आवडता पदार्थ कोणता' याचं उत्तर इंग्रजी बोलणाऱ्यांच्या बाबतीत पहिल्याच फटक्यात 19.7 टक्के वेळा बरोबर निघालं. पिझ्झा! आपल्याकडे पुरणपोळीचा आकडा कुणी काढला नाही, हे एका परीने बरंच आहे. त्याच अभ्यासात असंही दिसलं, की अमेरिकेतल्या सुमारे 40 टक्के लोकांना आपणच दिलेली उत्तरं वेळेवर आठवली नाहीत. चोराला येतं ते मालकाला येत नाही, ही स्थिती आमच्या घरापुरती नव्हती तर.

अण्णांना एकही उत्तर जमलं नाही. आईचं माहेरचं आडनाव त्यांनी बिनचूक सांगितलं, पण खातं उघडणाऱ्या पोराने तिथे काय लिहिलं होतं ते त्याच्या आईलाच ठाऊक.

एक सांगायला हवं. गुपिताची फजिती ही पासवर्डाच्या जन्मापासूनच आहे. एमआयटीत 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला एकच प्रचंड संगणक होता आणि वापरणारे अनेक. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पासवर्ड आणला. प्रत्येकाला यंत्राचा ठरावीक वेळ मिळे. अ‍ॅलन शेर नावाच्या संशोधकाला तो पुरेना. 1962 मध्ये त्याने छिद्रं पाडलेलं कार्ड देऊन पासवर्डांची फाइल छापायला सांगितली आणि यंत्राने ती निमूटपणे छापून दिली. मग शेरसाहेब दुसऱ्यांच्या नावाने आत जाऊ लागले. नेमक्या त्याच 1962 साली इकडे आचार्य अत्र्यांचं 'तो मी नव्हेच' रंगभूमीवर आलं, आणि प्रभाकर पणशीकर फिरत्या रंगमंचावर पाच नावांनी वावरू लागले. जगात काय चाललंय ते अत्र्यांना आधी कळायचं. पुढे 1966 मध्ये एमआयटीच्या त्याच यंत्रणेत दोन फायलींची अदलाबदल झाली आणि जो आत येईल त्याच्यापुढे स्वागताच्या संदेशाऐवजी सगळ्यांचे पासवर्ड झळकू लागले. तिथे केवढा हाहाकार उडाला! आमच्या जिन्यात तो नित्यक्रम आहे. खुद्द कॉर्बातोंनी म्हातारपणी, 2014 मध्ये, कबूल केलं होतं की पासवर्डाचं आता दुःस्वप्न झालंय.

प्रश्नांत नापास झाल्यावर यंत्राने दया दाखवली आणि नोंदवलेल्या मोबाइलवर आकडे पाठवतो म्हणालं. मोबाइल कुणाचा? तर मेहुण्याचा, म्हणजे चिरंजीवांचा. आणि चिरंजीव न्यू जर्सीत. साताऱ्यात सकाळचे अकरा वाजले होते, तिकडे रात्रीचा दीड. आकड्यांची मुदत दहा मिनिटं.

फोन लागला. पोरगं घाबरून उठलं, कारण या वेळेला घरून फोन आला की परदेशातल्या मुलाच्या पोटात गोळा येतो. "काय झालं? आई बरी आहे ना?" आई बरी होती, आणि ते सांगायला तिने फोन हातात घेतला. जेवलास का, काय केलं होतं, सूनबाईचा खोकला थांबला का, थंडी आहे का, असेल तर कानाला बांधून झोप. अण्णा घड्याळ दाखवत होते, पण आईपुढे एस.टी.चंही वेळापत्रक चालत नाही, तिथे कंपनीचं काय चालणार? आकडे बाद झाले. दुसरे मागवले. त्याने वाचून दाखवले ते पहिलेच निघाले. तिसरे मागवले, तर यंत्राला संशय आला आणि ते म्हणालं, आपण रोबो नाही हे सिद्ध करा, चित्रांतले झेब्रा क्रॉसिंग निवडा. अण्णांनी बराच वेळ पाहून विचारलं, "पट्टे पुसलेले धरायचे का?"

वाट पाहताना अण्णांना हिरकणी आठवली. रायगडाचे दरवाजे सूर्यास्ताला बंद होत, मग कुणालाही सूट नाही. दूध घालायला आलेली हिरकणी आत अडकली. घरी तान्हं बाळ. ती कडा उतरून गेली. महाराजांनी तिला साडीचोळी दिली आणि ती जिथून उतरली तिथे बुरूज बांधला, अशी आख्यायिका आहे. हल्ली मोठमोठ्या कंपन्या आपल्या यंत्रणेतली फट दाखवणाऱ्याला बक्षीस देतात आणि फट बुजवतात, असं मी त्यांना सांगितलं. अण्णा म्हणाले, "पण महाराजांनी तिला झेब्रा क्रॉसिंग दाखवायला नाही सांगितलं."

आकडे अखेर जुळले. आता नवा पासवर्ड. अण्णांनी कुलदैवताचं नाव घेतलं, तसं मेहुणा झोपेतही ओरडला, "नको! मी सांगतो तो घाला." आणि त्याने त्याच्या यंत्राने सुचवलेला, कुठल्याही भाषेत काहीही अर्थ नसलेला पासवर्ड सांगायला सुरुवात केली. मी टंकणार, अण्णा फोन कानाला लावून मला सांगणार.

"के," मेहुणा म्हणाला असावा.

"के फॉर कराड," अण्णांनी घोषणा केली. "मोठा का छोटा रे? मोठा? जावईबापू, कराड, निमआराम."

मोठं अक्षर म्हणजे निमआराम आणि छोटं म्हणजे साधी गाडी, हे परिमाण त्यांनी जागच्या जागी ठरवलं, आणि खरं सांगतो, कॅपिटल-स्मॉलपेक्षा ते मला लवकर कळलं.

"एस. साधी."

"एस फॉर सातारा ना?"

"सातारा, स्वारगेट, सांगली, कुठलीही घ्या. पण साधी घ्या. पुढे सात. आकडा. मग हा काय म्हणतोय? हॅश? फुल्लीगोळ्याची पाटी काढा. सी, साधी, चिपळूण."

"अण्णा, म्हणजे च?"

"इंग्रजीत चिपळूण सी-नेच लागतं. झेड, झाराप. एम, महाबळेश्वर, निमआराम. आता..." अण्णा थांबले. कपाळाला आठी पडली. फोन कानापासून दूर धरून त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "क्यू म्हणतोय."

"मग?"

"क्यूला गाडी नाही."

"अण्णा, अक्षर तर आहे."

"असेल. आमच्याकडे थांबा नव्हता."

माणूस इतकी वर्षं महाराष्ट्रभरच्या गाड्यांची नावं पुकारतो आणि एक अक्षर त्याच्या वाट्याला येत नाही, याची खंत त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती. स्वयंपाकघरातून सासूबाईंनी सोडवलं. "क्यू म्हणजे रांग. तिकिटाची रांग. लिहा."

एवढं सगळं स्टँडच्या आवाजात चाललेलं. शेवटचं अक्षर टंकतो न टंकतो तोच शेजारच्या काकू गॅलरीतून म्हणाल्या, "अण्णा, ते चिपळूण साधी का निमआराम? मी लिहून घेतलंय सगळं. पुढेमागे तुम्हाला लागलं तर."

साधी, असं अण्णांनी त्यांना सांगितलं.

आमच्याकडे मग पासवर्ड भिंतीवरच्या 'कालनिर्णय'वर चढला. जयंतराव साळगावकरांनी 1973 साली हे कॅलेंडर काढलं तेव्हा त्यांच्या डोळ्यापुढे पंचांग असेल, पण मराठी गृहिणीने त्याचं सरकारी दफ्तर केलं. सिलिंडर कधी लावला, दूध कधी जास्त घेतलं, बाई कधी आली नाही, सगळं चौकटींत. त्याच ओळीत अण्णांनी सुबक अक्षरात लिहिलं : कराड नि., सातारा सा., सात, पाटी, चिपळूण सा., झाराप सा., महाबळेश्वर नि., रांग. पासवर्ड कुठेही लिहून ठेवू नये असं सगळे सांगतात. ब्रूस श्नायर नावाचे या विषयातले मोठे जाणकार मात्र 2005 पासून म्हणत आलेत, की अवघड पासवर्ड घ्या आणि खुशाल कागदावर लिहून पाकिटात ठेवा. कागदाची चिटोरी सांभाळायची माणसाला सवय आहे. श्नायरनी साताऱ्याचं कॅलेंडर पाहिलं असतं तर त्यांना भरून आलं असतं. कारण चोर जरी घरात शिरला, तरी त्या चौकटीवरून त्याला एवढंच कळलं असतं, की म्हाताऱ्याला कोकणात जायचंय आणि तो उगाच लांबून चाललाय.

खातं उघडलं. आत हजारो न वाचलेली पत्रं. कर्ज हवं का, फ्लॅट हवा का, गुडघेदुखीवर तेल, पुन्हा कर्ज. 2009 मध्ये एका अमेरिकन कंपनीचे तीन कोटींवर पासवर्ड फुटले होते आणि त्यातल्या जवळपास 2 लाख 90 हजार लोकांनी 123456 ठेवला होता, हे वाचून मला पूर्वी हसू आलं होतं. अण्णांची पत्रपेटी पाहून ती माणसं शहाणी वाटू लागली. हे चोरून नेणार तरी काय? नेलं तर उलट घर रिकामं होईल.

सासूबाईंनी पोहे आणले. मी हात धुवायला उठलो. तेवढ्यात सगळ्यात वर एक नवं पत्र पडलं आणि अण्णांनी ते खणखणीत वाचून दाखवलं. "आपल्या खात्याचा पासवर्ड नुकताच बदलण्यात आला आहे. हा बदल आपणच केला आहे का?" खाली दोन बटणं : 'होय, तो मीच' आणि 'नाही, तो मी नव्हे'.

अण्णांनी सबंध नोकरीत खोट्या नोंदीवर सही केलेली नाही. गाडी सात मिनिटं उशिरा आली तर सातच लिहायचे, पाच नाही. ते विचारात पडले. अक्षरं मुलाने सांगितली. टंकली जावयाने. क्यू बायकोने सोडवला. लिहून शेजारच्या काकूंनी घेतलं.

"मी कुठे केला?" असं म्हणून त्यांनी दुसरं बटण दाबलं.

मी ओल्या हातांनी धावलो तोवर पडद्यावर मोठ्ठं कुलूप आलं होतं, आणि खाली लिहिलं होतं, की आपली ओळख पटवण्यासाठी नोंदवलेल्या मोबाइलवर आकडे पाठवले आहेत. न्यू जर्सीत रात्रीचे तीन वाजले होते. मिनिटभरात तिकडूनच फोन वाजला.

"त्याचाच असणार," सासूबाई पदराला हात पुसत आल्या. "द्या बघू इकडे. मघाशी नातवाच्या दातांचं विचारायचं राहिलं."